हात सुटला नव्हता

एका हाताने टाइप करतेय. चुका दिसल्या तर सांभाळून घ्या.

आणि हे खरं की रचलेलं, असं कृपा करून विचारू नका. रचायचंच असतं तर मी स्वतःला जरा शहाणी दाखवली असती. माझी आत्या वकील आहे. केस चालू आहे तोवर कुठेही एक अक्षर लिहायचं नाही, अशी तिने मला तंबी दिलीय. तरी लिहितेय. घरात सांगून झालंय. मी बोलायला लागले की सगळे आधी माझ्याकडे बघतात… आणि मग एकमेकांकडे.

थंडीचे दिवस होते. तिन्हीसांजेची वेळ. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते.

ऑफिस सुटल्यावर मी मुलीला पाळणाघरातून घेतलं. घरात आम्ही तिला ठकी म्हणतो. तेव्हा तीन वर्षांची होत आली होती. घरी जायला एक मोठा चौक ओलांडावा लागतो. अलीकडच्या कोपऱ्यावर ड्रायक्लीनिंगचं दुकान, पलीकडे बंद पडलेली बँक.

रस्ता ओलांडताना माझा एक नियम आहे. पर्स डाव्या खांद्यावर, ठकी उजव्या हाताला. कितीही घाई असो. मैत्रिणी हसतात. "पोरगी आहे का कैदी?" म्हणतात.

हसू देत.

सिग्नलला थांबलो तर ठकीच्या बुटाची नाडी सुटलेली. मी वाकून बांधायला लागले.

तेवढ्यात आवाज सुरू झाला…

टक… टक… टक…

काही सिग्नलच्या खांबावर एक डबा असतो बघा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. चालायचा हिरवा दिवा लागला की तो वाजतो. मी उठले, हात धरला आणि निघाले. दिव्याकडे बघितलं नाही. आवाज येत होता ना!

हात गार होता. पाळणाघरात एसी जोरात ठेवतात, त्यामुळे असेल असं वाटलं.

मधोमध पोचलो…

आणि गाडी आली.

त्या क्षणाचं मला एकच आठवतं. मी फेकली गेले, तरी हात सुटला नव्हता.

रस्त्यावर पडल्यापडल्या मी ठकीच्या नावाने किंचाळले. माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, "ताई, ती बघा, ती तिकडे आहे. बरी आहे."

ठकी पलीकडच्या फुटपाथवर उभी होती. बँकेच्या शटरसमोर. अंगावर ओरखडा नाही. रडत नव्हती.

तिचा एक हात सरळ वर होता. उंच माणसाचं बोट धरल्यासारखा.

शेजारी कोणी नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये नवऱ्याच्या आधी आत्या पोचली. कोर्टातून तशीच, काळ्या कोटात. माझं उजवं मनगट मोडलं होतं, बरगडीला मार होता. ती डोक्यावरून हात फिरवील असं मला वाटलं. पण ती डॉक्टरांकडे वळली.

"अंगावरची प्रत्येक खूण लिहा. साधं खरचटलं असलं तरी." मग मला म्हणाली, "आज दुखत नाही म्हणून काही लपवू नकोस. उद्या तेच दुखेल आणि समोरचा म्हणेल, ही तर घरी जिन्यात पडली."

डॉक्टरांनी माझा उजवा हात हलकेच फिरवला.

"इथे कोणी जोरात धरलं होतं का?"

हाताच्या पाठीवर बोटांचे वळ होते. निळसर.

"मुलीने धरलं असेल," मी म्हणाले.

डॉक्टरांनी आत्याच्या कडेवरच्या ठकीचा पंजा बघितला. मग माझा हात परत बघितला. लिहून घेतलं.

नवरा आला. त्याचा पहिला प्रश्न… "अगं, सिग्नल बघितला होतास ना?"

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "मोबाइलमध्ये डोकं असेल. आणि पोरीचा हात सोडलाच कसा तिने?"

"सोडला नव्हता," मी म्हणाले.

"मग ती पलीकडे उडत गेली का?"

आत्या खवळली. "चालणाऱ्याला सगळे विचारतात, तू काय बघत होतीस. चालवणाऱ्याला कोणी विचारत नाही, बाबा, तू काय बघत होतास!" मग नवऱ्याला म्हणाली, "तू इथे बसून उपयोग नाही. चौकातल्या दुकानांत कॅमेरे आहेत का बघ. आजच. जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. आणि गाडीवाल्याकडून कोणी आलं तर चहा पाजा, पण सही देऊ नका."

माणूस आलाच. विमा कंपनीचा, गुळगुळीत बोलणारा. मिटवून टाकू म्हणाला. मी नाही म्हटल्यावर आवाज जरा बदलला. "बघा ताई, कोर्टात हे निघणारच, की तुम्ही लहान मुलीला भर रस्त्यात सोडून दिलंत. कशाला शोभा करून घेता?"

मला त्या रात्री झोप आली नाही. माझ्या हातात हात होता. शेवटपर्यंत होता. मी वेडी आहे का?

जबाब घ्यायला हवालदार घरी आले. मी आवाजाचं सांगितलं. त्यांचं पेन थांबलं.

"कुठला आवाज?"

"खांबावरच्या डब्याचा. टक टक."

"मॅडम… त्या खांबावर डबा नाहीये."

आत्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हवालदार गेल्यावर म्हणाली, "पोरी, ऐकलंस ते ऐकलंस. पण जे नाही ते डोळ्यांनी बघून ये."

गेलो. आत्या, नवरा आणि मी, प्लास्टर गळ्यात अडकवून. खांबावर खरंच काही नव्हतं. नुसता दिवा.

ड्रायक्लीनिंगवाले काका बोलके. नवऱ्याने सांगितल्यावर त्यांनी ते चित्रण वेगळं काढून ठेवलं होतं. "या, या. कोटांच्या गर्दीतून वाट काढा जरा. इथे गिऱ्हाइकापेक्षा त्यांचे कपडे जास्त दिवस राहतात." काउंटरमागे छोटा पडदा होता. वाफेचा वास येत होता.

काकांनी चालू केलं.

फुटपाथ. मी आणि ठकी. मी वाकले…

ठकीने मान वर केली. कोणीतरी हाक मारल्यासारखी. मग हात वर केला. रिकाम्या हवेत.

आणि चालायला लागली.

एकटी. चालायचा दिवा लाल. गाड्या जातायत. ठकी त्यांच्यामधून सावकाश चाललीय. वृद्ध माणसाबरोबर चालावं तशी. एक गाडी तिला शिवली नाही.

मी अजून वाकलेलीच. माझी बोटं नाडी बांधतायत…

समोर बूटच नाही.

नवऱ्याने माझा दंड घट्ट पकडला.

मग पडद्यावरची मी उठले. खाली न बघता उजवा हात लांब केला. कोणीतरी तो धरला असावा तसा तो जरासा वर गेला. आणि मी निघाले. दिवा लालच होता. शेजारी कोणी नव्हतं…

पुढचं मी बघितलं नाही.

चित्रण संपल्यावर काकांनी पडदा बंद केला.

सगळ्यात आधी आत्या बोलली. आवाज कोरडा. "गाडीचा वेग बघितलात? ब्रेकचा दिवासुद्धा लागला नाही. लाल दिव्यात पाऊल टाकलं म्हणून हिचा हक्क संपत नाही. चूक दोघांत वाटली जाईल, एवढंच." ती बोलत होती, पण कोटाचं बटण नुसतं फिरवत होती.

काका म्हणाले, "डबा होता पूर्वी. एका आजोबांना दिसत नसे, त्यांनीच मागे लागून बसवून घेतला. पण त्यांचा डब्यापेक्षा माणसांवर भरवसा. इथे हात वर करून उभे राहायचे. कोणी ना कोणी न्यायचं. एकदा असंच कोणीतरी धरून नेलं… आणि मधोमध गाडी अंगावर येताना दिसली, तसं हात सोडून पळालं. आजोबा जागीच गेले."

"आणि गाडीवाला?" आत्याने विचारलं.

"तोही पळाला. जाता जाता खांब पाडून गेला. नवा खांब बसवला, डबा नाही."

"घरच्यांनी दावा लावला?"

"नंबरच नाही गाडीचा, तर लावणार कोणावर?"

"अहो, गाडी सापडली नाही तरी भरपाई मागता येते! मुदतीत अर्ज केला असता तर…" आत्या थांबली. "कोणी सांगितलं नाही त्यांना?"

"कोण सांगणार? नेणारा माणूस साक्षीला आला असता तर काही झालं असतं. तो कधी आलाच नाही."

घरी आलो. सासूबाईंनी काय झालं विचारलं. नवऱ्याने सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी मला टोमणा मारलेला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला जिन्यात आवाज आला…

टक… टक…

पायरीपायरीने वर येणारा. आमच्या दाराशी थांबला.

ठकी खेळणी टाकून उठली. दारापाशी गेली. हात वर केला.

मी तिला कमरेला धरून मागे ओढलं. ती रडायला लागली. "आजोबा आलेत. आजोबांना न्यायचंय!"

आम्ही कडी उंच बसवली. मग घर बदललं. ऑफिसही बदललं. तो चौक आता आमच्या वाटेत नाही. तरी दिवेलागण झाली की जिन्यात टक टक होते, दाराशी थांबते, आणि ठकीचा हात वर जातो. रोज. रोज मी तिला छातीशी धरून बसते आणि मनात म्हणते, मी नव्हते हो ती. मी तुमचा हात सोडला नव्हता…

पुढच्या आठवड्यात माझी साक्ष आहे. समोरचा वकील नक्की विचारणार, "अपघाताच्या वेळी मुलीचा हात तुमच्या हातात होता का?" आत्या म्हणते, हो किंवा नाही, एवढंच बोलायचं. शेपूट जोडायचं नाही.

मी त्या क्षणाची उजळणी करतेय. आणि आज दुपारी एक गोष्ट लक्षात आली.

लहान मुलाचा हात आपल्या मुठीत मावतो.

त्या संध्याकाळी… माझा हात मावला होता.

आत्ता बाहेर अंधारून आलंय. ठकी समोर सतरंजीवर ठोकळे रचतेय. तिचे दोन्ही हात मला दिसतायत. मी ते सारखे बघतेय.

आज जिन्यात आवाज आला नाही.

माझं प्लास्टर केव्हाच निघालंय. हात पूर्ण बरा झाला असं डॉक्टर म्हणाले. तरी मी हे सगळं डाव्या हाताने लिहिलं. उजवा सोफ्यावर आहे, माझ्या शेजारी. मघापासून गार पडलाय. हलवता येत नाहीये.

मी तिकडे बघितलेलं नाही.

ठकीने आत्ता मान वर केली. माझ्याकडे नाही. माझ्या शेजारी बघून हसली.

"आई," म्हणाली, "तू ने ना आजोबांना."