पाण्याचा स्कॅन

सकाळचे पेशंट आटोपल्यावर टेक्निशियनने सीटीच्या टेबलावर पाण्याचा डबा ठेवला. माणसाच्या पोटाएवढा, पारदर्शक प्लॅस्टिकचा, काठोकाठ भरून झाकण घट्ट केलेला. आत हवा राहिली तर चित्र बिघडतं, म्हणून त्याने टॉर्च लावून डबा चहूबाजूंनी पाहिला. एकही बुडबुडा नव्हता.

पोटाच्या स्कॅनसाठी किरणं किती कमी करता येतील, याची ती चाचणी होती. किरणं कमी केली की चित्रावर वाळू सांडल्यासारखे दाणे येतात. नवं सॉफ्टवेअर ते पुसतं. चाचणी जमली, तर वरचेवर स्कॅन करावा लागणाऱ्यांच्या अंगावर निम्म्याहून कमी किरणं पडणार होती. ती जमावी असं त्याला फार वाटत होतं. त्याची बायको दुखण्यात पुन्हापुन्हा याच टेबलावर झोपली होती.

मशीनमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज त्याचाच होता. 'श्वास रोखून धरा. आता सोडा.' ती हसायची. "घरी तुमचं कुणी ऐकत नाही, म्हणून इथे हुकूम सोडता होय?" तिच्या शेवटच्या स्कॅनला मशीन मध्येच बंद पडलं आणि 'सोडा' वाजलंच नाही. तो धावत आत गेला, तर ती लालबुंद.

"अगं, सोड की!"

"तुम्ही म्हणाल तेव्हा ना," ती धापा टाकत म्हणाली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

"काका, करा सुरू," रेडिऑलॉजिस्ट बाई म्हणाल्या. "चित्र वाचता आलं नाही, तर जुनाच डोस ठेवू."

पूर्ण डोसला सपाट करडं पाणी दिसलं. निम्म्याला बारीक दाणे. आणखी कमी केल्यावर दाणे सगळीकडे वाढायला हवे होते. ते एका बाजूला गोळा झाले.

"हे तर यकृत आहे. जुना स्कॅन उघडलात का?"

"नाही. डबाच आहे."

"मग सॉफ्टवेअर मनाने काहीतरी भरतंय. रद्द करावं लागेल हे."

तो स्क्रीनजवळ वाकला. यकृताखाली एक पांढरी रेघ होती. बायकोचं पित्ताशय काढलं तेव्हाची क्लिप. जराशी तिरकी.

त्याने किरणं पूर्ण बंद केली आणि मशीन नुसतंच फिरवलं.

आता एकही दाणा नव्हता. कडा सुरीने कापल्यासारख्या.

"पेशंटने श्वास छान धरलाय," बाई सवयीने म्हणून गेल्या. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

काचेपलीकडे डबा स्थिर होता.

त्याने माइकचं बटण दाबलं.

"सोड आता."

डब्याच्या तळातून एक बुडबुडा सुटला. मग दुसरा. मग बराच वेळ येतच राहिले.

"परत घ्या," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "कमी डोसवर."

पाणी. बारीक दाणे. वर हवेची काळी पट्टी.

"चालेल हे," त्या म्हणाल्या आणि स्क्रीनकडे न बघता बाहेर गेल्या.

तो डबा उचलायला आत गेला. झाकणाखालची हवा काढून डबा पुन्हा भरायला हवा होता. त्याने आधी डब्याला हात लावला, मग झाकणावर तळवा टेकवला.

पाणी गार होतं. झाकण कोमट होतं.