रस्त्याखालचा व्हॉल्व्ह

घरून सब्बल, म्हणजे पहार, आणायची आणि खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, एवढंच काम घेऊन बिरदेव त्या रात्री निघाला होता.

"तारीखसुद्धा सांगतो," वैजीनाथनाना म्हणाले. "एकोणीस मे, दोन हजार पंचवीस. सोमवार." नळाची पाळी रात्री दीडची होती, त्यामुळं नानांच्या ओट्यावर घागरी आणि पोरंपोरी दोन्ही जमली होती. "बिरदेव माझ्या मावसभावाचा पोरगा. त्यानं सांगितलं तेच सांगायलोय. माझ्या पदरचं काई न्हाई."

"पदरचं नसलं तरी मीठ-मिरची असतीच की, नाना," पोरांतला बबलू म्हणाला.

"तू घागर सांभाळ."

ताडकळसच्या अलीकडं बिरदेवचं गाव. तिथं तो ग्रामपंचायतीचं पाणी सोडतो. खालच्या गल्लीत पाइप फुटला होता आणि नालीची घाण नळात शिरायला लागली होती. आठ दिवसांत अकरा लेकरांना जुलाब-उलट्या. त्यातली एक बिरदेवचीच, चार वर्षांची दैवशाला. ती ताडकळसच्या दवाखान्यात सलाईनवर होती. दुरुस्तीची माणसं दोन दिवसांनी येणार. आणि पहाटे पाचला पाणी तर सोडायलाच पाहिजे, कारण बाकीच्या गावाला पाचव्या दिवशीची पाळी, घरोघर पाण्याची टिपाडं कोरडी. गावाला पाणी द्यायचं आणि ही गल्ली तेवढी तोडायची. त्यासाठी गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करायचा.

तो कुठं आहे, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं ते आश्रुबाला. तीस वर्षं पाणी सोडलेला माणूस. पाइपलाइनचा नकाशा कागदावर कधी नव्हताच, त्याच्या डोक्यात होता. दोन उन्हाळ्यांमागं आश्रुबा गेला. त्यानंतर गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, आणि व्हॉल्व्ह त्याच्याखाली गेला.

"आश्रुबाच्या मातीला मी सोता होतो," नाना म्हणाले. "ध्यानात ठेवा."

आश्रुबानं बिरदेवला एक रीत मात्र शिकवली होती, मोबाईल नव्हते तेव्हाची. एक माणूस टाकीपाशी, एक गल्लीत. पाइपावर एक ठोका म्हणजे बंद कर, दोन ठोके म्हणजे सोड. ऐकणाऱ्यानं तसाच ठोका परत द्यायचा. "परत आल्याबिगर आपण जागा सोडायची न्हाई," आश्रुबा सांगायचा. "आला की मंग निघायचं."

त्या रात्री टाकीपाशी परमेश्वर बसणार होता, बिरदेवचा धाकटा भाऊ. दवाखान्यात पोरीला डबा देऊन तो बारापर्यंत परत येतो म्हणाला होता.

बिरदेव वीत-वीत सरकत रस्त्यावर सब्बल आपटत होता. खाली पोकळ असेल तिथं आवाज बदलेल, एवढाच भरवसा. एक वाजून दहा मिनिटांनी एक खिडकी उघडली.

"काय ठोकायलाव भाऊ, एवढ्या राती?" आतून त्याच गल्लीतली सविता म्हणाली.

"वॉल धुंडायलोय, वैनी."

"सापडू द्या बाप्पा. माझी दोघं पडून हायत आत." थांबून ती म्हणाली, "दैवशाला कशी हाय?"

"डोळे उघडले म्हणं सांजच्याला."

खिडकी लागली. दीडशे फूट रस्ता ठोकून झाला, सगळा भरीव. पाच वाजायला पावणेचार तास. बिरदेव नालीच्या कडंला बसला. तिथं पाइप उघडा पडलेला. फुटक्या जागेतून पाणी टपकत होतं. टप. टप.

आणि पाइप वाजला.

ठण्.

एकच.

आला परमेश्वर, बिरदेवला वाटलं. बसला टाकीवर. त्यानं सब्बल उचलली. सवयीनं ठोका परत दिला.

ठण्.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. परमेश्वरचा.

"भाऊ, मी आजून दवाखान्यातच हाय. गाडी पंचर झाली. पोरगी झोपलीय."

बिरदेवनं टाकीकडं पाहिलं.

"भाऊ?"

"मंग... टाकीवर..."



ओट्यावर बसलेल्या पोरींतल्या राजेश्रीनं पाय वर ओढून घेतले.

मग टाकीच्या बाजूनं आवाज निघाला. सिमेंटच्या खालून. खरवडल्यासारखा. सावकाश... सविताच्या दारापर्यंत आला. थांबला. पुन्हा निघाला. बिरदेव उठला. पळायचं होतं.

आवाज त्याच्या पायाखाली आला.

तिथंच थांबला.

कर्र...

कर्र...

तळव्यांना कळत होतं. लोखंड फिरत होतं. खाली. बरोबर खाली.

कर्र...

मग काहीच नाही.

नालीत पाणी टपकायचं थांबलं होतं.

पहाटे पाचला बिरदेवनं पाणी सोडलं. गावभर टिपाडं भरली. खालच्या गल्लीच्या एकाही नळाला थेंब आला नाही. नवं लेकरू आजारी पडलं नाही. चौथ्या दिवशी दैवशाला आईच्या कडेवर बसून घरी आली.

"म्हणजे चांगलंच झालं की," बबलू म्हणाला, पण हळू.

"बिरदेव आता राती पाणी सोडत न्हाई," नाना म्हणाले. "ऐकून घे पुढं."

दुरुस्तीची माणसं आली. बिरदेवनं जागा दाखवली. रस्त्याला कुठं चीर नव्हती. मशीननं चौकोन कापला, चौघांनी मिळून तो तुकडा उचलून उलटा ठेवला. खाली विटांचा चौकोनी खड्डा, आत व्हॉल्व्ह. घट्ट बंद. त्यांच्यातला एक जुना माणूस म्हणाला, एवढा गंजलेला वॉल एकट्याच्यानं फिरत न्हाई, दोघं लागतात.

मग त्याची नजर उलट्या तुकड्यावर गेली. सिमेंटच्या खालच्या अंगाला ताजं काळं ग्रीस होतं, आणि ग्रीसमध्ये दोन पंजे उमटले होते. आतून वर रेटल्यासारखे.

"दोन हात आश्रुबाचेच असतील मंग," राजेश्री म्हणाली.

नानांनी नाही म्हणून मान हलवली. स्वतःचा उजवा हात अंधारात वर धरला, आणि त्याच्या शेजारी राजेश्रीचा उजवा हात उचलून धरला.

"असे होते. दोन्ही उजवे."