ओठांतल्या टाचण्या

काळा दोरा संपला होता, एवढंच निमित्त. दुपार कलत आली होती. मास्तर कुणाच्या तरी काळ्या कोटाची बाही टाचत होते आणि मास्तरीणबाई पिशवी घेऊन दोरा आणायला निघाल्या होत्या. उंबऱ्यावर थांबून त्यांनी विचारलं, "आज लवकर आवरू या का? नदीवर जाऊ. किती दिवसांत गेलो नाही."

मास्तर म्हणाले, "हूं."

आता हा 'हूं' काय प्रकार आहे, ते ज्याने शिंप्याच्या दुकानात थोडा वेळ काढलाय त्याला सांगायला नको. मास्तरांच्या ओठांत कायम टाचण्या. गिऱ्हाइकाने शिलाई विचारली तरी हूं, सासऱ्यांनी ख्यालीखुशाली विचारली तरी हूं. तो होकारही नव्हता आणि नकारही नव्हता. त्याचा अर्थ एवढाच, ऐकलं, जरा थांबा. मग ते एकेक टाचणी ओठांतून काढून पत्र्याच्या डबीत टाकत, टिक्... टिक्... आणि तोंड मोकळं झालं की उत्तर देत. नवं गिऱ्हाईक चिडायचं, जुनं स्टूल ओढून बसायचं. पण उत्तर थांबण्याच्या लायकीचं असायचं. एकदा पोट सुटलेल्या एका व्यापाऱ्याने आरशासमोर उभं राहून विचारलं, "मास्तर, खरं सांगा, मी सुटलोय का?" हूं झालं, टाचण्या डबीत गेल्या आणि मास्तर म्हणाले, "तुम्ही कसले सुटताय शेठ, कापड आटलंय." तो गृहस्थ मरेपर्यंत दुसऱ्या दुकानाची पायरी चढला नाही.

त्या दिवशी मात्र मास्तरीणबाई थांबल्या नाहीत. मास्तरांचा हात ओठांकडे गेलेला त्यांनी पाहिला आणि हसत म्हणाल्या, "राहू द्या, आल्यावर सांगा."

परत आल्या तेव्हा गल्लीत माणसं मावत नव्हती.

पळालेल्या एका दरोडेखोराच्या मागावर पोलीस गल्लीत शिरले होते. एक तरुण फौजदार दुकानाच्या दारात आला. आतल्या अंधारात टेबलापाशी एक माणूस उभा राहताना त्याला दिसला, हातात काहीतरी चकाकत होतं. फौजदाराने दरडावून हाक मारली आणि गोळी झाडली. चकाकत होती ती कात्री. दरोडेखोर पुढच्या गल्लीत एका गाडीखाली दडलेला सापडला, जिवंत.

चूक झाली, हे कुणीच नाकारत नव्हतं. खटला चालला तो चुकीच्या मापावर. फौजदार म्हणत होता, मी हाक मारली, उत्तराची वाट पाहिली, आतून चकार शब्द आला नाही आणि माणूस चालून आला. तसं घडलं असेल तर ती कुणाच्याही हातून झाली असती अशी चूक, तिला शिक्षा नाही. सरकारी वकील म्हणत होते, त्याने वाट पाहिलीच नाही, म्हणून हा गुन्हा. पण बघणारं तिसरं कुणी नव्हतं. डॉक्टरांना मास्तरांच्या ओठांत टाचण्या सापडल्या होत्या. त्या टाचण्या, कात्री आणि पत्र्याची डबी, सगळं सीलबंद होऊन कोर्टाच्या कपाटात गेलं.

मास्तरीणबाईंना शिक्षा हवी होती, खोटं कशाला बोला. पण अंथरुणाला पाठ टेकली की मनात वेगळंच यायचं. नदीवर जायचं होतं की नव्हतं? एवढं एक उत्तर त्या माणसाच्या ओठांशी आलेलं होतं आणि ते ऐकायला त्या स्वतःसुद्धा थांबल्या नव्हत्या.

शेवटी न्यायाधीशांनी ठरवलं की जागा स्वतः पाहायची, त्याच वेळेला, तशाच उजेडात. मास्तरीणबाईंनी कित्येक महिन्यांनी कुलूप काढलं आणि पदर खोचून झाडू हातात घेतला.

शेजारचा घड्याळवाला दारातून म्हणाला, "अहो, झाडताय काय? कोर्ट येतंय, पाहुणे नाही येत. आहे तसं असू द्या."

"एवढी धूळ बघून काय म्हणतील?"

"कोण, न्यायाधीश?"

"हे," मास्तरीणबाई म्हणाल्या.



मंडळी आली. काळा कोट अजून कपडे चढवून बघायच्या लाकडी पुतळ्यावरच होता, एक बाही जोडलेली, दुसरी नुसती टाचलेली. मास्तरांच्या जागी कोर्टाचा कारकून टेबलापाशी उभा राहिला. फौजदार दारात, साध्या कपड्यांत, हात रिकामा. तो बराच वाळला होता. शर्ट खांद्यावरून उतरलेला पाहून मास्तरीणबाईंच्या मनात आलं, बोटभर आत घ्यायला हवा. मग त्यांना स्वतःचाच राग आला.

ऊन समोरच्या भिंतीवरून सरकलं आणि दुकानाचा आतला भाग विझल्यासारखा झाला. तेव्हा त्यांना वास आला. ओल्या कापडावरून तापलेली इस्त्री फिरली की येतो तो. इस्त्री कोपऱ्यात थंड पडली होती, तिच्यावर कोळ्याने जाळं धरलं होतं. त्यांनी घड्याळवाल्याकडे पाहिलं. तोही नाक वर करून वास घेत होता.

न्यायाधीश म्हणाले, "त्या दिवशी जसं केलंत, तसंच करा. तेवढाच वेळ."

 फौजदार ओरडला, "कोण आहे आत? बोल!"

"हूं."

आवाज मोठा नव्हता. बंद ओठांतून आलेला, जरा गुणगुणल्यासारखा, घरचाच. मास्तरीणबाईंनी दाराची चौकट धरली.

न्यायाधीशांनी विचारलं, "कारकून, तुम्ही बोललात?"

"नाही, साहेब." कारकुनाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "माझ्या... माझ्या मागून आला."

त्याच्या मागे फक्त पुतळा होता, आणि भिंत.

टिक्.

टेबल रिकामं होतं. डबी तर कोर्टात सीलबंद होती...

टिक्... टिक्...

 मास्तरीणबाई श्वास रोखून होत्या. आता तोंड मोकळं होणार. आणखी थोडंच. आता बोलतील...

"साहेब," फौजदार म्हणाला.

त्याचा वकील कुजबुजला, "गप्प राहा."

"नाही, साहेब. त्या दिवशीही हेच ऐकलं होतं. आधी हूं... आणि मग हे. मी पुढचं ऐकलंच नाही. माझा हात आधीच वर गेला होता." तो स्वतःच्या हाताकडे पाहत होता. हात आत्ताही वर होता, बोट वाकलेलं. तो कधी वर गेला, ते त्यालाही कळलं नसावं.

आतला आवाज थांबला होता. इस्त्रीचा वासही गेला. दुकान पुन्हा नुसतं धुळकट दुकान झालं.

मास्तरीणबाई त्याच्याजवळ गेल्या. सगळ्यांना वाटलं, आता ही बाई हात उगारणार. त्या हळूच म्हणाल्या, "पुन्हा मध्येच बोललात हो तुम्ही. जरा थांबायचं होतं."

फौजदार मटकन उंबऱ्यावर बसला.

न्यायाधीश शहाणे होते. आतल्या आवाजाबद्दल त्यांनी अवाक्षर लिहून घेतलं नाही, फौजदाराचं बोलणं मात्र पुढे कोर्टात त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. तोही फिरला नाही. त्याला शिक्षा झाली. लोक मास्तरीणबाईंना म्हणाले, चला, न्याय मिळाला. त्या मान डोलवायच्या. न्याय मिळाला होता, खरंच. उत्तर राहिलं होतं.

तेव्हापासून त्या रोज दुकान उघडू लागल्या. लहानसहान कामं घेत. ऊन भिंतीवरून सरकलं की मशीन बंद करून आतल्या अंधाराकडे तोंड करून बसत आणि विचारत, "नदीवर जायचं का?" मग थांबत. कधी काहीच नसे. कधी नुसता इस्त्रीचा वास. कधी 'हूं' आणि एखादी टिक्, तेवढ्यात गल्लीतून कुणीतरी सायकलची घंटा वाजवी आणि सगळं विरून जाई. त्या कुणावर रागावत नसत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारत.

एका संध्याकाळी विचारून झाल्यावर त्यांचं लक्ष टेबलावर गेलं. तिथे एक टाचणी होती. सकाळी टेबल त्यांनीच पुसलं होतं. टाचणीचं डोकं ओलं होतं.

त्यांनी ती उचलली, थोडा वेळ पाहिली आणि ओठांत धरली. उबदार होती.

तेवढ्यात घड्याळवाल्याने दारातून हाक मारली, "मास्तरीणबाई, आहात ना? मी कुलूप लावून निघतोय, सोबत येताय का?"

"हूं."

"दोघं एकदम बोललात तर मला काय कळणार?" तो सवयीने म्हणून गेला. मग जागच्या जागी थिजला. "बाई... आत कोण आहे?"

मास्तरीणबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. नुसता तळहात वर केला. थांबा.

घड्याळवाल्याने आवाज न करता स्टूल ओढलं आणि तो बसला. आत, काळ्या कोटाच्या पलीकडे, डबीत एक टाचणी पडली.