जानरावमामांनी हलकी केलेली करवत

जानरावमामांनी शेवटचा नट आवळला, फडक्याला हात पुसले आणि झाडं कापायची पेट्रोलची करवत अंगणातल्या बाजेवर ठेवली. तरी परातीत तीन वस्तू उरल्याच होत्या: एक जाळी, एक स्प्रिंग आणि एक काळी आडवी पट्टी.

"मामा, हे कावून उरलं?" प्राजक्ताने विचारलं. आठवीची परीक्षा देऊन ती अकोल्याहून शेंदूरजनाघाटला आली होती.

"उरलं नाही, काढलं. मशीन हलकी केली."

मामा एरवी मोटारपंप दुरुस्त करायचे. करवतीचं ज्ञान त्यांनी मोबाईलवरच्या व्हिडिओतून मिळवलं होतं, आणि तेही निम्मंच, कारण मध्येच रेंज गेली होती. करवत होती गावातल्या रामरावांची. त्यांना बागेतली वाळलेली संत्र्याची झाडं दुसऱ्या दिवशी सकाळी पाडायची होती, आणि मशीनचा आवाज पार वेशीपर्यंत गेला पाहिजे, अशी त्यांची खास फर्माईश होती. म्हणून सायलेन्सरमधली जाळी निघाली. पट्टी का निघाली, ते मामांनाही धड सांगता येईना.

मामेबहीण शकुन आणि शेजारचा संघपाल यांना घेऊन प्राजक्ताने करवतीच्या खोक्यातली पुस्तिका उघडली. चित्र स्पष्ट होतं. करवत उसळून माणसाच्या तोंडाकडे आली, की हात त्या पट्टीवर आदळतो आणि साखळी जागच्या जागी थांबते. पट्टी म्हणजे ब्रेक होता!

तिने मामांना दोनदा सांगून पाहिलं. व्हिडिओतल्या माणसाचे दोन्ही हात शाबूत आहेत, एवढंच उत्तर मिळालं. मग दुपारी मामा घोरत असताना संघपालने प्लगची वायर काढली, शकुन दारात पहाऱ्याला बसली आणि प्राजक्ताने हाताला जाड फडकं गुंडाळून साखळी उलटी बसवली. सगळे दात मागे तोंड करून बसले; आता साखळी फिरेल पण कापणार नाही, आणि मामांना करवत पुन्हा खोलावीच लागेल. मग वायर पुन्हा जागेवर लावली.

सकाळी रामरावांनी बागेत दोरी ओढली. आवाज असा निघाला की बांधावरचे बगळे उडाले. पण पाच मिनिटं झाली, धूर झाला, तरी बुंध्यावर नुसता काळा डाग पडला.

"जानराव, हे लाकूड कापून राहिलं का शेकून राहिलं?"

मामा घामाघूम झाले. त्यांनी तिथेच पोत्यावर करवत खोलली. एक पुर्जा निघाला की दुसरा कुठला ते आठवेना. शेवटी त्यांनी प्राजक्ताकडे पाहिलं. ती पुस्तिका आणि परात घेऊन तयारच होती. तिने चित्र पाहून सांगितलं, मामांनी बसवलं: स्प्रिंग, पट्टी, जाळीसुद्धा. ते नट शोधत होते, तेवढ्यात तिने साखळी सुलटी चढवली.

आता करवत लाकडात सरसर शिरली. दोन झाडं पडली. तिसऱ्या झाडाच्या फांदीला करवतीचं टोक लागलं आणि ती एकदम उसळली. रामरावांचा हात पट्टीवर आदळला, खट्ट झालं आणि साखळी थांबली. त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर.

रामरावांनी करवत बंद करून खाली ठेवली. प्राजक्ताने रडवेल्या आवाजात सगळं कबूल केलं.

"पोरी, माह्यं तोंड वाचवलं तू," रामराव म्हणाले आणि त्यांनी तिघांनाही बागेतून हवी तेवढी संत्री न्यायला सांगितली. मामा मात्र रागातच घरी आले. धारदार साखळीला हात लावल्याबद्दल त्यांनी तिघांना चांगलंच झापलं. मग जेवताना भाकरी तशीच हातात धरून त्यांनी हळूच विचारलं,

"प्राजू, उलटी साखळी इतक्या लवकर कशी बसवली वं? मले तर सुलटी बसवाले दोन घंटे लागले."