हजेरीतला लाल शेरा

मी थापा मारतो हे गावभर माहीत आहे. तरी खाणीजवळच्या कॉन्व्हेंट शाळेचा शंभर वर्षांचा इतिहास लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. बहुधा दुसऱ्या कुणाला वेळ नव्हता. जेवण उरकून वही घेऊन गेलो. दादा सकाळच्या पाळीला खाणीत उतरला होता, त्याचा मुलगा चौथीच्या वर्गात पाढे घोकत होता. म्हणजे सगळं जागच्या जागी होतं.

जुन्या हजेऱ्या सांभाळणाऱ्या सिस्टर ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी मला दप्तराच्या खोलीत बसवलं. खोलीला एकच खिडकी, तीही कोळशाच्या धुळीनं आंधळी झालेली. ओलसर कागद आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास.

"मनचं काही लिहायचं नाही," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, मी कधी मनचं बोललोय का?"

"आमच्या घंटेत चांदी आहे असं तुम्हीच सांगत फिरलात. दोन चोर शिडी घेऊन आले होते."

मी मुकाट्यानं हजेरी उघडली.

तिसऱ्या हजेरीत शंकेची पाल चुकचुकली. एका मुलापुढे लाल शाईत शेरा होता : 'घरून बाई आली. नेले. ११.१०.' खाणीच्या फाटकाशी अपघातांत गेलेल्यांची नावं, तारखा आणि वेळा कोरलेला दगड आहे. तिथल्या भिंतीवर चेंडू आपटतच मी मोठा झालो, त्यामुळे सगळं तोंडपाठ. त्याच दिवशी दुपारी बाराला खाणीतलं छत कोसळलं होतं आणि त्या मुलाचा बाप गेला होता. पुढच्या हजेऱ्यांतही तेच. सहा शेरे, सहा बाप. आणि दर वेळी शेरा अपघाताच्या आधीचा!

माझं डोकं लगेच तिरकं चालायला लागलं. शाळेला जमीन खाणवाल्यांची, इमारत खाणवाल्यांची. छत धसणार हे साहेबांना आधीच ठाऊक असायचं की काय? मी आवाज खाली आणला. "सिस्टर, तुम्हांला हे आधी कोण कळवायचं?"

"कुणी नाही." त्यांच्या बोटांत जपमाळ थांबली. "वर्गाच्या दाराशी बाई यायची. अंगावर ओली चादर. म्हणायची, बापानं पोराला बोलावलंय. पोर तिच्यामागं जायचं... आणि मग अपघाताचा भोंगा व्हायचा."

"जायचं कुठं?"

"घरीच. सुखरूप पोचायचं. आई म्हणायची, मी तर कुणालाच पाठवलं नव्हतं."

"मग द्यायचंच कशाला पोर?"

"पुढं नाही दिलं." त्यांनी दुसरा गठ्ठा सरकवला. इथं शेरा वेगळा : 'बाई आली. दिले नाही.' पाच वेळा. दगडावर त्या तारखांना कुणाचंच नाव नव्हतं.

मला हायसं वाटलं. सिस्टर मात्र माझी नजर चुकवत होत्या. "पाचही बाप वर आले," एवढंच म्हणाल्या. यात लपवण्यासारखं काय आहे, ते मला कळेना.

तेवढ्यात चौथीच्या बाई धापा टाकत आल्या. "सिस्टर... ह्यांच्या पुतण्याला न्यायला कुणी आलंय..."

घड्याळात दोन वाजले होते. मी धावलो. वर्गाच्या दाराशी ती उभी होती. चादरीतून काळं पाणी ठिबकत होतं, पण आवाज होत नव्हता. मी पुतण्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"बापानं बोलावलंय," ती म्हणाली.

"नाही देणार. सांग त्याला... काका नाही म्हणतो."

"नक्की?" तिनं विचारलं. अगदी शांतपणे, दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो तसं.

"नक्की."

डोळ्याचं पातं लवलं, तर दारात नुसती ओल.

चारला भोंगा झाला, तो पाळी सुटल्याचा. पुतण्याचा हात धरून मी खाणीच्या फाटकाशी थांबलो होतो. आतून दादा आला, नखशिखांत काळा, दात तेवढे पांढरे. मला रडूच फुटलं. "काय रे, येडा झालास का?" म्हणत त्यानं पोराकडे हात केला. "चल, घरी."

पोरगं माझ्या पाठीमागं सरकलं. "काका... मी नाही जाणार. मी शाळेतच राहतो."

कितीही दटावलं तरी ऐकेना. शेवटी मीच त्याला परत शाळेत घेऊन गेलो. सिस्टर दारातच उभ्या होत्या, काही न विचारता त्यांनी मागची खोली उघडली. गावातलं कुठलंही घर शाळेपासून दहा मिनिटांवर, आणि तिथं ओळीनं लोखंडी खाटा. पाच जुन्या. सहावीवर धुतलेली चादर नुकतीच अंथरली होती.

तिथून मी तडक खाणीच्या दिवेघरात गेलो, जिथं कामगारांचे दिवे आणि बिल्ले ठेवतात. खाली उतरणारा प्रत्येकजण खिळ्यावरचा आपल्या नंबराचा पितळी बिल्ला सोबत नेतो आणि वर आला की परत टांगतो. दिवेवाल्याला विचारलं, दादा कधी आला?

"आत्ता चारला." मग तो डोकं खाजवत राहिला. "पण... दोनलाही आला होता की! बिल्ला टांगला, बोलला नाही, शाळेच्या रस्त्याला लागला. परत खाली कधी उतरला, पाहिलं नाही बुवा."

दादाच्या खिळ्यावर दोन बिल्ले होते. एकाच नंबराचे. एक कोरडा, दुसऱ्यातून अजून पाणी ठिबकत होतं.

"चारला टांगला तो कुठला?" मी विचारलं.

त्यानं ठिबकणाऱ्या बिल्ल्याकडे बोट दाखवलं.

मी घरी गेलो. दादा आंघोळ करून पाटावर बसला होता. वहिनीनं ताटं वाढली होती आणि दोघं माझ्यासाठी थांबले होते.