सारणातलं मीठ

पहिलाच घास घेऊन नणंदेने पाव ताटलीत परत ठेवला, घाईघाईने पाण्याचा पेला उचलला आणि भावाकडे पाहिलं... सून वाढता वाढता थांबली.

नुकतेच ओव्हनमधून काढलेले, कोबी-बटाट्याचं सारण भरलेले ते पाव दिसायला दृष्ट लागण्याजोगे होते, पण आत नुसतं मीठच मीठ!

"सारणात मीठ कुणी घातलं?" नवऱ्याने विचारलं.

या घरात ते सासूबाईच घालत. दुसऱ्या कुणी मिठाच्या डब्याला हात लावलेला त्यांना खपत नसे. पण गेल्या महिन्यात ओव्हन चालू ठेवून त्या बाहेर निघून गेल्या, तेव्हा मुलाने निक्षून सांगितलं होतं, पुन्हा असं विसरली तर आईला वृद्धाश्रमात ठेवायचं. त्या वेळी त्या माउलीचा उतरलेला चेहरा सुनेनेच पाहिला होता.

"मी घातलं," सून म्हणाली. "आईंनी आधीच घातलंय, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"तुला एक काम धड जमत नाही," नवरा म्हणाला.

"माझ्या डब्याला हात लावलास?" सासूबाई कडाडल्या. "इतकी वर्षं घसा फोडतेय मी! जा, बाहेर बस. आता स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. दुसरी खेप मी एकटी करते."

ती अपमान गिळून दारापाशी बसली. तिची आई लहानपणीच गेलेली; पीठ कसं मळायचं, कसं फुगू द्यायचं, ते याच बाईने पाठीत धपाटे घालून शिकवलं होतं, आणि त्या धपाट्यांत राग किती आणि माया किती हे तिने कधी मोजलं नव्हतं.

दारातून तिला सगळं दिसत होतं. सासूबाईंनी नव्या सारणात मीठ घातलं, ढवळलं, पिठाच्या गोळ्यांच्या पाऱ्या केल्या... मग थबकल्या, डबा उघडला आणि पुन्हा मिठाचा चमचा भरला.

ओरडावं तर सगळ्यांना कळणार, गप्प बसावं तर पुढच्या घासालाच सारं उघडं पडणार... ती उठली.

"कुठे निघालीस? आई काय म्हणाली?" नवरा मागून म्हणाला. ती आत गेली आणि तिने सासूबाईंचं मनगट धरलं.

"आई, घातलंय," ती हळूच म्हणाली. "चाखून बघा."

सासूबाईंनी चाखलं. हातातला चमचा डब्यात परत ठेवला.

"मगाशीही मीच?"

सुनेने डब्याचं झाकण लावलं.

"मग तू का अंगावर घेतलंस, पोरी?"

"तुम्ही गेलात तर मी कुणाची बोलणी खायची?"

सासूबाईंचे डोळे भरून आले. हात तसेच पिठाचे ठेवून त्या बाहेर गेल्या. "आई, नका..." म्हणत सून मागे धावली, पण त्या मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मीठ माझ्याच हातून पडलं होतं. मला आताशा आठवत नाही. पाठवायचं तर खुशाल पाठव मला, पण हिला बोललास ते चुकलं तुझं. माझंही चुकलं."

मुलाची मान खाली गेली. नणंदेने डोळ्यांना पदर लावला.

"कुठे जायचं नाही तू," तो कसाबसा म्हणाला. "हिच्याशिवाय तुला सांभाळणार कोण... आणि मला तरी."

सासूबाईंनी सुनेला जवळ ओढलं. "उद्या मी हे सगळं विसरेन आणि हिला पुन्हा ओरडेन," त्या मुलांना म्हणाल्या. "तुम्ही विसरू नका."