तोतया बरा झाला

मिरजेत आता बारसं असो की बारावं, चार पाहुणे हाडामांसाचे आणि चार उजेडाचे. यजमानानं एक दिवा लावला की त्यातून तुमचं ‘प्रतिरूप’ उभं राही. तुमचाच चेहरा, तुमचाच आवाज, तुमचीच लकब. लोक त्याला तोतया म्हणत. पेशवाईत एका तोतयानं केवढा गोंधळ घातला. आता घरटी एक होता आणि कुणाची तक्रार नव्हती.

माणसांत जायचं म्हटलं की मोरेश्वर सोहनी बिचकत आणि तोतयाला पुढं करत. मेहुणे गेले, तेव्हाही बहिणीला भेटायला त्यांनी तोतयालाच धाडलं. अक्का रडत भावाच्या खांद्यावर डोकं टेकायला गेली, ती आरपार जाऊन फरशीवर आपटली. मनगट मोडलं. तोतयानं सांत्वन मात्र चोख पुरं केलं.

त्यानंतर अक्काचा फोन वाजला की मोरेश्वर न्हाणीघरात जाऊन बसत. शेवटी स्वतःचीच लाज वाटून त्यांनी डॉ. ढवळीकरबाईंच्या गटोपचारात नाव घातलं. माणसांना बिचकणाऱ्यांनी एकत्र बसायचं, बोलायचं, ऐकायचं, औषध एवढंच. मोरेश्वरांनी तिथंही तोतयाला धाडलं.

एका संध्याकाळी घरचा दिवा लावताच तोतया म्हणाला, “आज तुम्ही जा.”

“का रे? बिघडलास?”

“बरा झालोय. अक्कांचं सगळं सांगून टाकलं. फार हलकं वाटलं.”

“माझी अब्रू चव्हाट्यावर मांडलीस?”

“माझ्याकडे दुसऱ्या कुणाची आहे का?”

मोरेश्वर गेले. खोलीत मधल्या खुर्च्या रिकाम्या आणि माणसं भिंतींना चिकटलेली. सगळे तोतयेच, असं समजून ते जरा सैलावले. तेवढ्यात एकजण शिंकला. तोतये शिंकत नाहीत.

“या,” ढवळीकरबाई म्हणाल्या. “इतके दिवस मी तुमच्या तोतयांवर उपचार केले. सगळे ठणठणीत झाले. त्यांनीच आपसांत ठरवून आज तुम्हाला पाठवलंय.”

कुणी कुणाकडे बघेना. मोरेश्वरांनी फरशीकडे बघत अक्काचं सांगायला सुरुवात केली. मनगट मोडल्याचं सांगताना त्यांनी स्वतःचंच मनगट धरलं.

“मी लेकीच्या पाठवणीला तोतयाच धाडला होता हो,” नलिनी कुरणे नावाच्या बाई भिंतीलाच म्हणाल्या. “पोर त्याच्या पाया पडली.”

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि हसल्याबद्दल ओशाळलं. मग आपापली लाज सावरत एकेकजण मधल्या खुर्च्यांवर येऊन टेकला.

“अक्कांकडे कधी जाताय?” नलिनीबाईंनी मान खाली घालूनच विचारलं.

मोरेश्वरांनी पहिल्यांदा वर पाहिलं.

“तुम्ही लेकीकडे कधी?”